मागची कळ

सुनेच्या हातात सदानकदा एक लाकडी ठोकळा असतो, ही बातमी सासूबाईंनी लग्नानंतर लगेचच सगळ्या गल्लीत पोचवली होती. वर पुस्तीही जोडली होती, की ठोकळा नवऱ्यासाठी असेल तर आपली काही हरकत नाही, फक्त आधी कल्पना द्यावी. गल्ली पोट धरून हसली, सून कानापर्यंत लाल झाली आणि नवऱ्याला पुढे कितीतरी दिवस मित्रांची चेष्टा सोसावी लागली. सासूबाईंच्या तोंडाला लागणं म्हणजे असं असायचं.

ठोकळ्याचं खरं कारण साधं होतं. सून एका लहानशा कारखान्यात हातात मावणारे कॉम्प्युटर घडवायची. कीबोर्डवाले, नुसत्या काचेवर बोटं घासायचे नव्हेत. मीटर वाचणारे, गोदामात माल तपासणारे, उभ्याउभ्या काम करणारे लोक ते वापरत. आतलं विजेचं काम दुसऱ्याचं, बाहेरचं अंग तिचं. ते अंग कसं असावं हे कागदावर कळत नाही, हातालाच कळतं, असं तिचं ठाम मत होतं. म्हणून ती आधी लाकडाचा ठोकळा करायची, पॉलिशपेपरने त्याच्या कडा मारायची, आत पोकळी कोरून शिशाचे छर्रे भरायची, वर मुकी बटणं चिकटवायची आणि तो ठोकळा दिवसेंदिवस जवळ बाळगायची. बसच्या रांगेत, भाजी शिजताना, कुणाचं लांबलेलं बोलणं ऐकताना तिचे अंगठे त्याच्यावर चालत राहत. तळहाताने कुरकुर केली की तेवढी जागा तासून टाकायची. सासरचं दुकानच मुळी बटणांचं असल्यामुळे घरात घोटाळा होऊ नये म्हणून कीबोर्डच्या बटणांना ती कळा म्हणू लागली, आणि हळूहळू सगळेच म्हणू लागले.

या विषयावर तिला कुणी छेडलं तर ऐकणाऱ्याची धडगत नसे. वजन कळांच्या खाली हवं, नाहीतर यंत्र मागे कलंडतं आणि अंगठे दाबायचं सोडून धरायचं काम करत बसतात. कळा मधे फुगीर हव्यात, शेजारणी-शेजारणीत खाच हवी, म्हणजे न बघता जागा सापडते. पाठीवर बोटं अडकायला आडवा कंगोरा हवा. व्यंजनं उजव्या अंगठ्याखाली आणि काना-मात्रा डाव्या, म्हणजे दोघे आळीपाळीने राबतात आणि दमत नाहीत. नवऱ्याला हे सगळं पाठ झालं होतं. पाहुण्यांसमोर तिने तोंड उघडायच्या आत तोच घडाघडा म्हणून दाखवायचा.

दुकान सासू-सासऱ्यांनी उभं केलेलं होतं. सासरे गेल्यावर सासूबाई आणि त्यांचा मुलगा, म्हणजे हिचा नवरा, असे दोघे ते बघत. भिंतभर लहान लहान खण, प्रत्येक खणावर आतल्या बटणाचा एक नमुना डकवलेला. शिंपी, आया, शाळांचे गणवेश शिवणारे, कोटाचं एकच बटण हरवलेले वैतागलेले लोक, सगळे तिथे यायचे. बटण घेऊन झाल्यावरही लवकर जायचे नाहीत, कारण सासूबाई. त्यांनी एकेकाची अशी काही फिरकी घ्यावी की घेतलेल्याने दुसऱ्या दिवशी मुद्दाम परत यावं.

मग त्यांच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं. दुखणं गेलं ते आवाज घेऊन गेलं. गळ्याशी श्वासापुरतं एक भोक राहिलं, त्यावर सासूबाई पातळ रुमाल बांधायच्या. तब्येत सुधारली, जेवण पूर्वीसारखं झालं, पण घर इतकं शांत झालं की सुनेला स्वयंपाकघरात नळाची धार ऐकू यायला लागली आणि ती तिला सहन होईना.

उपाय करायचे ते सगळे केले. कागद ठेवला, तर सासूबाईंचं लिहून होईतो गिऱ्हाईक पायरी उतरलेलं असे. फोन दिला, तर लिहायला मान खाली घालावी लागे आणि मान वर करेपर्यंत समोरचा दुसरीकडे बघत असे. लिहिलेलं मोठ्याने वाचणारा फोनमधला आवाजही लावून पाहिला. तो, गाडी उशिरा येणार आहे असं गोड बोलून सांगणाऱ्या बाईचा आवाज होता. त्या आवाजात आपला एक ठेवणीतला टोमणा ऐकल्यावर सासूबाईंनी फोन पालथा घातला तो घातलाच. टोमण्याच्या शेवटी कुणी आभार मानल्यासारखं वाटलं, असं त्यांनी नंतर लिहून सांगितलं.

त्यानंतर त्या दुकानात मागच्या स्टुलावर मूग गिळून बसायला लागल्या. मिसळलेली बटणं वेगळी करत बसायच्या. लोकांचं वागणंही विचित्र झालं. काही जण, त्यांना ऐकूच येत नाही असं समजून, कानाशी ओरडायचे. काही जण त्यांच्या देखत त्यांच्या मुलाला विचारायचे, आता कसं आहे हो त्यांचं. सासूबाई बटणांवरून नजर उचलायच्या नाहीत. एका संध्याकाळी जेवताना त्यांनी मुलापुढे कागद सरकवला. गणवेशांचा हंगाम संपला की आपण दुकानात येणार नाही, गल्ल्यावर बसायला कुणीतरी बघ, असं त्यावर लिहिलं होतं. मुलाने वाचलं आणि तुझी मर्जी म्हणून ताटात बघत राहिला. सुनेने ताट बाजूला सारलं. ही बाई घरी बसली तर खिडकीतली कुंडी होऊन जाईल, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

"आई, हंगाम संपेपर्यंत मला वेळ द्या," ती म्हणाली. "मी काहीतरी करते."

सासूबाईंनी खांदे उडवले. त्याचा अर्थ, कर बापडे, असा होता.

कारखान्यात सर्किटचं काम बघणारा एक किरकिऱ्या होता. त्याला सगळे वायरमन म्हणत. त्याची मनधरणी करून सुनेने मीटरवाल्यांच्या यंत्राचा सांगाडा घेतला आणि त्याची उलथापालथ सुरू केली. पहिला बदल ऐकूनच वायरमनने कपाळाला हात लावला. स्क्रीन लिहिणाऱ्याकडे नको, समोरच्याकडे तोंड करून हवी, असं तिचं म्हणणं. जो लिहितोय त्याला आपण काय लिहितोय ते ठाऊक असतं, हे तिने त्याला तीनतीनदा पटवलं. कळा अंगठ्यांना न बघता सापडल्या की लिहिणाऱ्याचे डोळे मोकळे होतात, आणि सासूबाईंना डोळे मोकळे हवे होते. वायरमन म्हणाला, आयुष्यभर लोकांना स्क्रीन दाखवली, आता लपवायला सांगतेस. पण बिजागरी उलटी बसवून दिली.

आधी तिने गळ्यात अडकवायचा पट्टा केला. ठोकळा घेऊन ती सासूबाईंसमोर उभी राहिली आणि त्यांचा हात आपोआप गळ्याच्या रुमालाकडे गेला. सून ओशाळली. इतके दिवस तळहाताची कुरकुर ऐकणाऱ्या बाईला हा गळा कसा दिसला नाही, म्हणून स्वतःवरच चिडली. मग तिने दप्तरासारखे दोन्ही खांद्यांवरून जाणारे पट्टे शिवून घेतले. यंत्र पोटाच्या वर टेकून राहायचं, कळा सासूबाईंकडे जराशा कललेल्या, स्क्रीन गिऱ्हाइकाकडे. हात सोडले तरी पडत नव्हतं, त्यामुळे खण उघडायला आणि बटण दाखवायला दोन्ही हात मोकळे राहायचे. सासूबाई रोज दुपारी मुक्या ठोकळ्यावर अंगठे चालवायच्या. पोळ्या लाटायला घेतलेली सून मधेच लाटणं टाकून त्यांचे अंगठे न्याहाळायची आणि ठोकळा काढून घेऊन एखादी कड तासून आणायची. अशी दोघींची बरीच देवाणघेवाण झाली. शेवटी सासूबाईंचे अंगठे न अडखळता पळायला लागले.

खरं यंत्र तयार झालं तेव्हा वायरमनची मान अभिमानाने ताठ होती. कळ दाबली रे दाबली की अक्षर समोर उमटत होतं. मीटरवाल्यांच्या यंत्रात अक्षराला जो उशीर व्हायचा तो त्याने घाम गाळून काढून टाकला होता. तोंडातून शब्द निघावा तसं दिसलं पाहिजे, असं सुनेनेच त्याला सांगितलं होतं. दोघांनी कौतुकाने एकमेकांकडे पाहिलं आणि चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून सून दुकानात गेली. सासूबाई कितीतरी दिवसांनी पुढे, काउंटरशी उभ्या होत्या. पहिलंच गिऱ्हाईक एक जाडजूड गृहस्थ होते. कोटाचं पोटावरचं बटण तुटून आलं होतं, आणि म्हणे नेहमी तेच तुटतं. सासूबाईंच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. अंगठे चालू लागले. समोर अक्षरं उमटू लागली: दोष बटणाचा नाही...

"मग दोऱ्याचा असणार," गृहस्थ वाचता वाचताच म्हणाले. "जाड दोरा द्या ना."

नवऱ्याने दोरा काढून दिला, गृहस्थ गेलेसुद्धा. सासूबाईंचे अंगठे अर्ध्यावर थांबले होते. नंतर एक बाई आल्या, त्यांनीही तसंच केलं. एकेक अक्षर बघत त्या पुढचा शब्द ओळखत होत्या, लहान मुलाला पाढा म्हणताना मदत करावी तशा, आणि बरोबर आला की खूश होत होत्या. चांगल्या मनाने करत होत्या म्हणून तर जास्त वाईट दिसत होतं. दुपारपर्यंत प्रत्येक जण सासूबाईंची वाक्यं स्वतःच पुरी करून उत्तरं देत होता. जेवायच्या सुट्टीत त्यांनी खांद्यांवरचे पट्टे उतरवले, यंत्र काउंटरखालच्या खणात ठेवलं आणि मागच्या स्टुलावर जाऊन बसल्या.

सून तोंडघशी पडली होती. काय चुकलं हेच तिला उमगेना. कळा बरोबर होत्या, वजन बरोबर होतं, वेग तर नको तितका होता. तिने यंत्र खणातून काढलं, सासूबाईंच्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः जमिनीवर बसली. "आई, त्या कोटवाल्यांना तुम्ही काय सांगणार होतात?"

सासूबाईंनी नाइलाजाने लिहिलं. दोष बटणाचा नाही, जेवणाचा आहे.

सुनेला हसू आलं, पण उशिरा आणि जेमतेम. अक्षरं एकापुढे एक येताना बघून विनोद आधीच अर्धा उतरून गेला होता. तिने मनातल्या मनात तेच वाक्य पूर्वीच्या आवाजात ऐकून पाहिलं. दोष बटणाचा नाही. मग सासूबाई काय करायच्या? खणातून बटण काढायच्या, उजेडात धरायच्या, चष्म्यावरून गिऱ्हाइकाकडे बघायच्या, ते पुरतं वाट बघायला लागलं की मग जेवणाचा आहे. सगळी गंमत त्या थांबण्यात होती. तिने आणि वायरमनने जिवाचं रान करून नेमकं तेच थांबणं काढून टाकलं होतं. मीटर वाचणाऱ्याला कुणाला हसवायचं नसतं, त्याला आकडा ताबडतोब दिसला की झालं. त्यांनी सासूबाईंना मीटरवाला करून ठेवलं होतं.

"तुमचं वाक्य तुमच्याजवळ राहायला हवं," ती म्हणाली. "तुम्ही सोडाल तेव्हाच दिसायला हवं. असंच ना?"

सासूबाईंनी तिच्याकडे टक लावून पाहिलं. मग मान हलवली, एकदाच.

वायरमन हे ऐकून रुसला. एवढी मरमर करून अक्षर लवकर आणलं आणि आता म्हणे थांबव. पण रुसूनही काम करणाऱ्यांतला तो होता. सुनेने पाठीवरच्या कंगोऱ्यात, उजवी तर्जनी जिथे सहज टेकते तिथे, एक कळ बसवायची ठरवली. तिच्यासाठी पुन्हा ठोकळा, पुन्हा तासणं. ती कळ हलकी ठेवून भागणार नव्हतं, कारण चुकून दाबली गेली तर वाक्य हातचं सुटणार. फार जड असली तर ऐनवेळी बोट अडणार. बोट तिच्यावर निवांत टेकून राहावं आणि जरा मनावर घेतल्याशिवाय ती हलू नये, असं काहीतरी हवं होतं. आतल्या स्प्रिंगा बदलता बदलता ती आणि वायरमन दोघेही टेकीला आले. शेवटी जमली तेव्हा दाबताना आधी किंचित अडायची आणि मग एकदम सुटायची. आता अंगठे लिहीत तेव्हा समोरची स्क्रीन काळी राहायची. मागची कळ दाबली की पुरं वाक्य एका दमात उजळायचं. लिहिलेलं सासूबाईंना तपासता यावं म्हणून कळांच्या वर स्क्रीनची एक बारीकशी पट्टी ठेवली, तेवढी त्यांच्याकडे तोंड केलेली.

यंत्र पुन्हा दुकानात गेलं तेव्हा हंगाम अगदी भरात होता. काउंटरवर गणवेशांची बटणं घ्यायला गर्दी होती. त्यातच कोपऱ्यावरचा शिंपी आला. कपडा वेळेवर न देण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि सासूबाईंचा तो जुना सवंगडी. आजारपणानंतर तो त्यांच्याशी फार हळू, फार आदराने बोलायला लागला होता, आणि तेच सासूबाईंना झोंबायचं. आजही तो घाईघाईने नवऱ्याला सांगत होता, लवकर द्या, एका शाळेला शब्द दिलाय, सगळे गणवेश उद्या देणार म्हणजे देणार.

सासूबाईंचे अंगठे खाली चालले आणि थांबले. स्क्रीन काळीच. शिंप्याने ती पाहिली, वाट पाहिली, मग सासूबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. त्यांनी शांतपणे बटणांची पुडी बांधली, दोरा गुंडाळला, पुडी त्याच्यापुढे ठेवली. तोवर रांगेतले दोघे-चौघेही बघायला लागले होते. सासूबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. सुनेला आपल्याच बोटांत ती कळ जाणवली.

'उद्या, म्हणजे कुठल्या महिन्यातला?'

शिंप्याने ते मोठ्याने वाचलं आणि वाचून झाल्यावर त्याला कळलं. रांगेतली एक बाई आधी फुटली, मग सगळेच. शिंपी इतका हसला की त्याला काउंटर धरावा लागला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "आता कुठं बरं वाटलं, ताई," तो म्हणाला. "इतके दिवस कुणी शिवीसुद्धा घातली नव्हती." सासूबाई हसत नव्हत्या. विनोद सांगणाऱ्याने हसायचं नसतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या फक्त एकेकाचा चेहरा बघत होत्या, पोटभर. दिवसभर मग त्यांनी कुणाची गय केली नाही.

संध्याकाळी नवरा माल आणायला गेला आणि दुकानात दोघीच उरल्या. रस्त्यावरचे दिवे लागत होते. सून खण लावत होती. हंगाम संपल्यावरही सासूबाई दुकानात येणार का, हे तिला विचारायचं होतं पण धीर होत नव्हता, म्हणून तिने यंत्राचीच चौकशी केली. कळ जड जाते का, पट्टे रुततात का, काही बदलायचं का.

सासूबाईंनी काउंटरवर कोपर टेकले आणि लिहायला घेतलं. खूप लिहिलं. अंगठे थांबत, विचार करत, पुन्हा चालू लागत. सुनेसमोर स्क्रीन काळी होती. तिने बारीक पट्टीकडे मान वाकडी करून बघायचा मोह आवरला. लिहून झालं. सासूबाईंनी मान वर केली आणि सुनेच्या चेहऱ्याकडे पाहत राहिल्या. तर्जनी मागच्या कळेवर होती, सुनेला ती दिसत होती. आभार असतील, असं तिला वाटलं. मग वाटलं, इतकं लांब म्हणजे तक्रार असणार. मग वाटलं, सासऱ्यांविषयी काही, किंवा दवाखान्यातल्या त्या दिवसांविषयी, ज्यांच्याबद्दल त्या कुणाशीच बोलल्या नव्हत्या. तिचा जीव टांगणीला लागला. सासूबाईंच्या तोंडावर आधी काहीतरी मऊ आलं, मग ते बदललं, ओठांचा कोपरा जरासा हलला. तर्जनी कळेवरून उठली. अंगठा खोडायच्या कळेवर गेला आणि तिथेच दाबून राहिला, बराच वेळ, सगळं पुसून होईतो.

आवाज गेल्यापासून सासूबाईंनी जे जे म्हणायला घेतलं ते ते लोकांनी कागदावर उलटं वाचलं होतं, खांद्यावरून डोकावून पाहिलं होतं, अर्ध्यातून पुरं केलं होतं. मनात आलेलं ओठांपर्यंत आणून परत गिळायची सोय त्यांना कुणीच ठेवली नव्हती. सुनेला हे त्या क्षणी कळलं. तरी तिला राहवेना.

"आई, काय लिहिलं होतंत?"

सासूबाईंचे अंगठे चटकन चालले. या वेळी त्यांनी वाटही बघायला लावली नाही.

'तुला काय करायच्यात नसत्या चौकशा?'

सून मटकन स्टुलावर बसली. तिला हसू आणि रडू एकदमच आलं, आणि त्या दोन्हीतून तिला एवढंच म्हणता आलं, की काही नाही, सहज विचारलं.